गावातील कार्यकर्ती आणि तिच्यामागील संस्था : जामखेड व गडचिरोली येथील आरोग्यकार्याच्या आधारे एक विवेचन

गोषवारा

स्थानिक स्वयंसेवी संस्था आणि गावपातळीवरील स्वयंसेवक हे समाजाला आधार देतात, हे विधान सर्वमान्य आहे. तथापि हा आधार प्रत्यक्षात कोणत्या प्रक्रियेतून निर्माण होतो, याची चिकित्सा तुलनेने कमी झाली आहे. प्रस्तुत लेखात जामखेड येथील समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प आणि गडचिरोली येथील ‘सर्च’ या दोन संस्थांच्या कार्याच्या आधारे निवड, प्रशिक्षण, पाठबळ, नोंद आणि समाजाचा स्वीकार या पाच घटकांचे विवेचन केले आहे. त्याचबरोबर १९७७ व २००५ मधील शासकीय योजनांशी या अनुभवाची तुलना करून स्वयंसेवकाच्या मोबदल्याचा प्रश्न आणि महाविद्यालयीन राष्ट्रीय सेवा योजनेसाठी निघणारे निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : स्वयंसेवी संस्था, आरोग्य कार्यकर्ती, आरोग्यदूत, लोकसहभाग, मानधन, राष्ट्रीय सेवा योजना.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राला लोकसेवेची दीर्घ परंपरा लाभली आहे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि कीर्तनातून लोकशिक्षण केले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली. ही नावे आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून वारंवार येतात व ते योग्यच आहे.

परंतु या परंपरेचे कथन करताना एक उणीव राहून जाते. सेवाकार्याचा इतिहास आपण बहुधा थोर व्यक्तींचा इतिहास म्हणून सांगतो. त्या व्यक्तींच्या त्यागाने आपण भारावून जातो. मात्र एखाद्या वाडीवरील बाळंतिणीपर्यंत मदत रोज कशी पोहोचते, ती कोण पोहोचवते, तिला ते काम कोणी शिकवले आणि ती ते वर्षानुवर्षे का करीत राहते, हे प्रश्न मागे पडतात. थोर व्यक्ती सर्व गावांना मिळत नाहीत. कार्यपद्धती मात्र इतरांना शिकता येते. म्हणून व्यक्तीइतकेच महत्त्व कार्यपद्धतीच्या अभ्यासाला दिले पाहिजे, अशी या लेखामागील भूमिका आहे.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) स्थानिक संस्था व गावपातळीवरील स्वयंसेवक यांच्या परस्परसंबंधाचे स्वरूप स्पष्ट करणे.
(२) हा संबंध टिकण्यासाठी व कोलमडण्यासाठी कारणीभूत ठरणाऱ्या घटकांचा शोध घेणे.
(३) महाविद्यालयीन समाजसेवेच्या दृष्टीने त्यातून मिळणारे धडे मांडणे.

विवेचनासाठी आरोग्यक्षेत्राची निवड हेतुपुरस्सर केली आहे. शिक्षण वा संस्कार यांच्या क्षेत्रात कार्याचे फळ मोजणे कठीण असते. बालमृत्यूचे प्रमाण मात्र मोजता येते आणि म्हणून संस्थेने केलेला दावा तपासून पाहता येतो.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

‘स्वयंसेवी संस्था’ ही संज्ञा आपण सैलपणे वापरतो. कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातील अशा बहुसंख्य संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांनुसार नोंदलेल्या असतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे त्यांना हिशोबपत्रके सादर करावी लागतात. नफा वाटून घेता येत नाही, हे त्यांचे समान लक्षण होय.

‘स्थानिक’ या विशेषणालाही येथे विशिष्ट अर्थ आहे. संस्थेचे कार्यालय तालुक्याच्या ठिकाणी असणे एवढ्याने ती स्थानिक ठरत नाही. ज्या लोकांसाठी काम करावयाचे त्यांच्या रोजच्या नजरेसमोर संस्था असणे आणि चूक झाल्यास त्याच लोकांना तोंड द्यावे लागणे, हा स्थानिकतेचा खरा निकष मानावा लागेल. ‘स्वयंसेवक’ म्हणजे ज्याचे काम वेतनाच्या करारावर आधारलेले नाही अशी व्यक्ती, असा अर्थ येथे घेतला आहे. ही व्याख्या वरवर सोपी असली तरी तिच्यातूनच पुढे एक अवघड प्रश्न उद्भवतो. त्याचा विचार सहाव्या भागात केला आहे.

३. जामखेड : गावाच्या मागणीपासून आरंभ

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोर येथील वैद्यकीय शिक्षणानंतर दोघांनीही अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले होते. १९७१ च्या सुमारास या भागात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत होती.

प्रकल्पाच्या सुरुवातीचा अनुभव उद्बोधक आहे. गावकऱ्यांशी चर्चा केली असता त्यांनी आरोग्यसेवेला पहिले स्थान दिले नाही. त्यांची मागणी अन्न आणि पाणी यांची होती. १९७२ च्या दुष्काळाने ही मागणी अधिकच तीव्र झाली. संस्थेने ती मान्य केली व मुलांसाठी सामूहिक स्वयंपाकघरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका यांपासून कामास आरंभ केला. वैद्यकीयदृष्ट्याही हा निर्णय अचूक होता. कारण बालमृत्यूंच्या मुळाशी कुपोषण आणि दूषित पाणी हीच कारणे प्रामुख्याने होती. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्याने पाण्यासाठी इतरांनाही तेथे यावे लागले. पाणवठ्यावरील शिवाशिवीला त्यामुळे जो धक्का बसला, तो केवळ उपदेशाने बसला नसता.

आरोग्यसेवेसाठी संस्थेने प्रथम प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविण्याचा प्रयत्न केला. तो फारसा यशस्वी झाला नाही. शहरात शिकलेल्या तरुण मुलींना परक्या खेड्यात एकटीने राहणे अवघड गेले आणि गावातील स्त्रियांनाही त्या परक्या वाटल्या. त्यानंतर गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी व संस्थेने तिला शिकवावे, असा मार्ग पुढे आला. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या आणि त्यांत दलित समाजातील स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी देणे, मुलांची वजने घेणे, लसीकरणासाठी घरोघरी सांगणे, कुष्ठरोग व क्षयरोगाची लक्षणे ओळखणे ही कामे त्या शिकल्या.

हे प्रशिक्षण एकदाच देऊन संपविले नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कार्यकर्त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत, आठवड्यातील अनुभव सांगत व नवे शिकत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. परस्परांचे अनुभव ऐकताना ‘हे मलाच जमत नाही’ ही भावना नाहीशी होई. गावात या कामाला जोड देण्यासाठी शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली.

परिणामांचा विचार केल्यास १९९० च्या दशकात प्रकल्पाच्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ३० च्या खाली आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाचा समावेश झाला. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना मांडली, तिच्या पार्श्वभूमीला असलेल्या प्रयोगांत जामखेडची गणना होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला. डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चातही प्रकल्पाचे कार्य सुरू राहिले, ही गोष्ट कार्यपद्धतीच्या दृष्टीने पुरस्कारापेक्षा अधिक बोलकी आहे.

४. गडचिरोली : मोजमाप आणि विश्वास

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. १९८६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित त्यांचा अभ्यास १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आणि त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधीतरी तपासणी झाल्याचे त्यातून दिसले. गावातील बाई दुखणे अंगावर काढते हे सर्वांनाच ठाऊक होते. पण त्या दुखण्याची व्याप्ती त्यापूर्वी कोणी मोजली नव्हती.

संस्थेचे रुग्णालय उभारतानाही स्थानिकतेचा विचार झाला. मोठ्या इमारतीतील दवाखाना आदिवासींना धास्तीचा वाटतो, हे ध्यानात घेऊन शोधग्राम येथील दवाखाना झोपड्यांच्या रचनेप्रमाणे बांधण्यात आला व त्याला लोकांच्या आराध्य देवतेचे, माँ दंतेश्वरीचे, नाव देण्यात आले. रुग्णाने दवाखान्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा न ठेवता दवाखान्याची रचनाच रुग्णाच्या सवयींना धरून केली गेली.

बालमृत्यूंच्या संदर्भात प्रथम न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेण्यात आला. बाळाचा श्वास जलद चालणे हे न्यूमोनियाचे महत्त्वाचे लक्षण आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, तर त्यापुढे वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा त्याहून अधिक असल्यास धोका मानला जातो. निरक्षर दाईला साठपर्यंत मोजणे अवघड होते. त्यावर उपाय म्हणून मण्यांचे व वाळूच्या घड्याळाचे एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. मिनिटभराची वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोहोचल्यास बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करावयाचे. दाईला दहापर्यंत मोजता येत होते. तेवढ्या ज्ञानावर निदान बसविण्यात आले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांपेक्षा प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी असल्याचे त्यांतून दिसून आले.

त्यापुढील टप्पा नवजात बालकांचा होता. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू टाळण्यासाठी बाळाला रुग्णालयात नेणे हाच मार्ग समजला जात असे. रस्ते नसलेल्या व बाळंतिणीने घराबाहेर पडू नये असा प्रघात असलेल्या भागात हा मार्ग बंद होता. ‘सर्च’ने ३९ गावांतील शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळंतपणाच्या वेळी उपस्थित राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे, बाळाला ऊब देणे, वजन करणे, स्तनपानास साह्य करणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी केली. ४७ गावांशी तुलना करून काढलेले निष्कर्ष १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के निव्वळ घट झाल्याचे त्यांत नमूद आहे.

गावातील बाईने इंजेक्शन द्यावे काय, हा आक्षेप त्या काळी घेतला गेला व तो अगदीच अनाठायी नव्हता. मात्र हा निर्णय घाईने घेतलेला नव्हता. कडक प्रशिक्षण, प्रत्येक भेटीची नोंद आणि पर्यवेक्षकाकडून त्या नोंदीची पडताळणी यांशिवाय आरोग्यदूताच्या हाती सुई देण्यात आली नाही. स्वयंसेवकावर विश्वास टाकणे आणि त्याचे काम तपासणे यांत विरोध नाही, हे यावरून ध्यानात येते.

५. शासकीय योजनांचा अनुभव

स्वयंसेवक पुरेसा आहे, संस्थेची आवश्यकता नाही, असे कोणी म्हणेल. या मताची कसोटी दोन शासकीय योजनांच्या अनुभवावर लागते.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची देशव्यापी योजना सुरू केली. निवड गावाने करावयाची, अल्प मुदतीचे प्रशिक्षण द्यावयाचे व दरमहा ५० रुपये मानधन द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांशी मिळतीजुळती होती. प्रत्यक्षात निवड झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते, त्यामुळे माता व बालकांपर्यंत त्यांना पोहोचता आले नाही. अनेक ठिकाणी निवडीवर गावातील वजनदार मंडळींचा प्रभाव पडला. प्रशिक्षणानंतर सातत्याने मार्गदर्शन करणारे कोणी उरले नाही. योजनेची नावे बदलत गेली आणि कालांतराने ती निष्प्रभ झाली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली. या वेळी कार्यकर्ती स्त्रीच असावी, ती त्याच गावची रहिवासी असावी, असे ठरविण्यात आले. महाराष्ट्रात आशांच्या मार्गदर्शनासाठी गटप्रवर्तक नेमण्यात आल्या. २०११ पासून घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशांकडे सोपविण्यात आले. संस्थेत प्रसूती झाल्यास ४२ दिवसांत सहा आणि घरी झाल्यास सात गृहभेटी असे त्याचे वेळापत्रक आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांतील प्रयोगाचा विस्तार अशा रीतीने देशाच्या धोरणात झाला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्त्यांचा गौरव केला.

दोन्ही योजनांच्या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. निवड, प्रशिक्षण व पाठबळ यांची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी योजना टिकली. स्थानिक संस्थेचे सामर्थ्य नवी पद्धत शोधून सिद्ध करण्यात आहे. ती सर्वदूर नेण्याचे सामर्थ्य शासनाकडे आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रयत्न केल्यास दोहोंचेही नुकसान होते.

संस्थांची आणखी एक भूमिका येथे नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रातील १३ संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या क्षेत्रातील बालमृत्यूंची मोजणी केली व ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ साली सादर केला. शासकीय नोंदींत अनेक बालमृत्यू येतच नाहीत, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. सेवा देणाऱ्या संस्थेने शासनाला अप्रिय सत्य सांगणे, हीदेखील समाजसेवाच होय.

६. विवेचन : संस्था नेमके काय करते?

उपरोक्त अनुभवांच्या आधारे संस्थेच्या कार्याची पाच अंगे सांगता येतात.

(अ) निवड : व्यक्ती गावाची असावी आणि गावाने निवडलेली असावी. मात्र ‘गाव’ म्हणजे सरपंच व चार प्रतिष्ठित एवढाच अर्थ होऊ नये, याची दक्षता संस्थेने घ्यावी लागते. जामखेड येथे दलित स्त्रियांचा समावेश आपोआप झाला नाही. त्यामागे संस्थेचा स्पष्ट आग्रह होता.

(आ) प्रशिक्षण : ते कार्यकर्तीच्या आधीच्या ज्ञानावर उभारलेले व अखंड असावे. मण्यांचे श्वासमापक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

(इ) पाठबळ : कार्यकर्तीच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण आला तर तो पाठवावयाचा कोठे? तिच्यामागे दवाखाना नसेल तर तिचा सल्ला पोकळ ठरतो. तिने पाठविलेल्या रुग्णाकडे तेथे लक्ष दिले गेले की गावात तिचा शब्द वजनदार होतो.

(ई) नोंद : जन्म, मृत्यू, वजन यांची नोंद केवळ अहवालासाठी नसते. मागील वर्षी आपल्या गावात किती बाळे दगावली व यंदा किती, हे कार्यकर्तीला आणि गावालाही समजले पाहिजे. ही माहिती फक्त वरच्या कार्यालयाकडे जात राहिली, तर नोंदवही भरणे हे ओझे होते.

(उ) स्वीकार : काम गावाच्या मागणीशी जोडलेले असावे. जामखेडला ती मागणी पाण्याची होती. गडचिरोलीत स्त्रियांनी दारूचा प्रश्न पुढे आणला व दारूमुक्तीच्या आंदोलनातून १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आरोग्यसंस्थेने दारूच्या प्रश्नात पडावे काय, असे विचारता येईल. पण नवऱ्याच्या दारूपायी घरात अन्न नसेल तर बाळाचे वजन वाढण्याचा मार्गही तेथेच अडतो.

यानंतर मोबदल्याचा प्रश्न येतो. आशा कार्यकर्तीला शासन ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि कामागणिक मोबदला देते. नवजात बालकाच्या सर्व गृहभेटी पूर्ण झाल्यावर मिळणारी रक्कम योजनेच्या आरंभी २५० रुपये होती. कोविडच्या काळात घरोघरी सर्वेक्षणाचा मोठा भार याच स्त्रियांनी वाहिला. महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तकांनी २०२१ आणि २०२३ साली मोबदल्यासाठी संप केले. सेवेच्या कामात पैसे कसले मागता, असा सूर तेव्हा काही ठिकाणी उमटला.

या प्रश्नाकडे भावनेने पाहून चालणार नाही. वेळ आणि काम स्वतः ठरविण्याचे व नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य हे स्वयंसेवेचे लक्षण आहे. ज्या व्यक्तीला कामाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते, वेळी-अवेळी बोलावले जाते व अहवालास विलंब झाल्यास जाब विचारला जातो, ती व्यक्ती अर्थाने कर्मचारीच असते. तिला स्वयंसेविका म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. जामखेडच्या पद्धतीत ठरावीक वेतन नव्हते हे खरे. परंतु तेथे काम मर्यादित वेळेचे होते आणि कार्यकर्त्यांनी स्वतःचे लहानमोठे उद्योग उभारावेत यासाठी संस्था साह्य करीत होती. गरिबाच्या वेळेलाही किंमत असते, ही जाणीव तेथे होती. तेथील बिनवेतनी सेवेचा दाखला देऊन आजच्या आशांचा मोबदला नाकारणे म्हणूनच समर्थनीय ठरत नाही.

७. मर्यादा व आव्हाने

स्थानिक संस्थांचे चित्र सर्वस्वी उज्ज्वल आहे, असे मानणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा निधीची आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे २०१४ पासून बंधनकारक झाले. यातून निधी वाढला. परंतु कंपन्यांचा कल वर्षभरात दाखविता येणाऱ्या कामांकडे असतो. जामखेडसारख्या कामाला फळ येण्यास दोन दशके लागतात. विदेशी अभिदायाच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला मिळालेला विदेशी निधी लहान संस्थेकडे वळविता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तालुका पातळीवरील लहान संस्थांना याची झळ अधिक बसते. पर्यवेक्षण व प्रशिक्षण हा बहुतेकदा ‘प्रशासकीय खर्च’ समजला जातो, पण आपण वर पाहिल्याप्रमाणे कामाचा कणा तोच असतो.

दुसरी मर्यादा संस्थापकांनंतरच्या नेतृत्वाची. अनेक संस्था एका दांपत्याच्या वा एका व्यक्तीच्या आयुष्याएवढ्याच टिकतात. तिसरी मर्यादा व्याप्तीची. संस्थेचे क्षेत्र शंभर-दोनशे गावांचे असते. शेजारच्या तालुक्यातील बाळाचे काय, या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडे नसते. म्हणूनच सार्वजनिक आरोग्यव्यवस्था सक्षम करण्यास पर्याय नाही.

८. महाविद्यालयांसाठी निष्कर्ष

हा विषय आपणा प्राध्यापकांशी थेट संबंधित आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे व सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. कार्यक्रम अधिकारी या नात्याने प्रस्तुत लेखकाने अशी शिबिरे घेतली आहेत. एका दत्तक गावात विद्यार्थ्यांनी मोठ्या उत्साहाने शोषखड्डे खोदले. दुसऱ्या वर्षी पाहिले असता त्यांतील बहुतेक बुजलेले आढळले. गावकरी आदराने बोलले, चहा दिला. परंतु खड्डे आपले आहेत असे कोणालाच वाटत नव्हते. चूक गावाची नव्हती. ते काम गावाला विचारून ठरविले नव्हते आणि नंतर वर्षभर आम्ही त्या गावाकडे फिरकलोही नव्हतो. अहवालात मात्र त्या शिबिराची नोंद ‘यशस्वी’ अशीच आहे.

या अनुभवाच्या व प्रस्तुत विवेचनाच्या आधारे पुढील सूचना मांडता येतील :

(१) दत्तक गाव दरवर्षी बदलू नये. एका गावाशी किमान पाच वर्षे संबंध ठेवावा. विद्यार्थी बदलतील, पण महाविद्यालय तेच राहील.
(२) शिबिरापूर्वी गावातील सर्व वस्त्यांत, विशेषतः स्त्रियांशी, बोलून काम ठरवावे.
(३) परिसरातील एखाद्या अनुभवी संस्थेशी व गावच्या आशा, अंगणवाडी सेविका यांच्याशी जोडून घ्यावे. सात दिवसांच्या पाहुण्यांनी बारा महिने काम करणाऱ्यांच्या हाताखाली काम करावे, त्यांच्यावर देखरेख करू नये.
(४) मोजमापाची जबाबदारी महाविद्यालयाने घ्यावी. सर्वेक्षण, नोंदींचे संगणकीकरण, पाण्याच्या नमुन्यांची तपासणी ही कामे आपल्या विभागांना करता येण्याजोगी आहेत. त्यांचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत.
(५) शिबिराच्या अहवालाबरोबर मागील वर्षीच्या कामाची सद्यःस्थिती नोंदविण्याची प्रथा सुरू करावी. त्यात अपयश प्रांजळपणे लिहावे.

९. समारोप

जामखेड व गडचिरोली येथील अनुभवांवरून असे म्हणता येईल की, समाजाला आधार देण्याचे सामर्थ्य त्या समाजातच असते. मात्र ते संघटित व्हावे लागते. संस्था गावाला शहाणपण देत नाही. गावातील एका स्त्रीला ज्ञान, साधन आणि पाठीशी उभा राहणारा दवाखाना देते व पुढचे काम ती स्त्री करते. अशा स्त्रीच्या मागे संस्था नसेल तर तिच्यावरील ओझे वाढते आणि संस्थेला अशी स्त्री लाभली नाही तर तिचे काम इमारतीपुरते उरते. शासन, संस्था आणि महाविद्यालय या तिघांनीही स्वतःला विचारण्याचा प्रश्न एकच आहे : आपण निघून गेल्यानंतर गावात काय शिल्लक राहते? महाविद्यालयांपुरते सांगावयाचे तर, या प्रश्नाचे उत्तर पुढील शिबिराच्या उद्घाटनापूर्वी मागील वर्षीच्या गावात जाऊन शोधावे लागेल.